क्रोएशियाच्या बेटांवर सायकल आणि बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा एका बेटावर सायकल, रात्री बोटीवर मुक्काम, सकाळी डोळे उघडतात तर पुढचं बेट समोर. एड्रियाटिक समुद्राच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर अशा आठवड्याच्या सहली आता चांगल्या रुळल्या आहेत. आमच्या सायकल ग्रुपमधून आणि त्यांच्या ओळखीपाळखीतून याबद्दल सारखी विचारणा होते. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतं जागोजागी येतील.

ही सहल नेमकी चालते कशी?

बहुतेक सहली शनिवार ते शनिवार असतात आणि स्प्लिट किंवा शेजारच्या त्रोगिरहून निघतात. बोट साधारण वीस ते चाळीस प्रवाशांची. सकाळी नाश्ता झाला की बोट धक्क्याला लागते, खलाशी सायकली एकेक करून फळीवरून खाली उतरवतात, आणि गाइडबरोबर तुम्ही निघता. दिवसाचं अंतर २५ ते ५० किलोमीटर. तुम्ही बेट ओलांडता तोवर बोट वळसा घालून पलीकडच्या बंदरात येऊन थांबलेली असते. मग जेवण, एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून पोहणं, आणि संध्याकाळी पुढच्या गावात मुक्काम. बॅग आठवड्यातून एकदाच उघडायची, ही यातली फार मोठी सोय आहे.

बोटीची शिडं खरंच उभारतात का?

जाहिरातीतल्या फोटोत शिडं फुगलेली दिसतात, म्हणून हे आधीच स्पष्ट सांगतो: या मोठ्या बोटी जवळपास पूर्ण वेळ इंजिनावर चालतात. डोलकाठी असते, शीडही असतं, पण वेळापत्रक पाळायचं तर वाऱ्यावर विसंबून चालत नाही.

खरं शिडाचं जहाज हवं असेल तर सहा-आठ जणांनी मिळून एक यॉट भाड्याने घ्यावी. ती स्वतः चालवायची तर क्रोएशियात मान्य असलेला परवाना आणि व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. आपल्यापैकी फारच थोड्यांकडे ते असतं, तेव्हा कप्तानासह घेणं उत्तम. कप्तानाचा पगार वेगळा आणि त्याचं जेवण तुमच्याकडे, अशी तिथली रीत आहे. यॉटवर मोठ्या सायकली मावत नाहीत. घडीच्या सायकली न्याव्या लागतात किंवा प्रत्येक बंदरात भाड्याने घ्याव्या लागतात. पण वारा धरून बोट कलली, इंजिन बंद झालं आणि फक्त पाण्याचा आवाज राहिला, की त्या खटाटोपाचं चीज होतं. माझी आवड विचाराल तर आठवडा सायकल-बोटीचा आणि त्याला जोडून दोन-तीन दिवस यॉटचे.

क्रोएशियाच का? ग्रीस किंवा तुर्कस्तान का नको?

ते किनारेही सुंदर आहेत. पण उन्हाळ्यात एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सलग कित्येक दिवस जोरात वाहतो, आणि तिथली बेटं एकमेकांपासून लांब आहेत. डाल्मेशियाची बेटं किनाऱ्याला समांतर, एकमेकांना खेटून आहेत. मधल्या खाड्यांना आडोसा मिळतो. स्प्लिटहून ब्राच बेटाच्या सुपेतारला जायला फेरीबोटीने ५० मिनिटं लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

तयारी किती लागते?

बेटं म्हटलं की सपाट रस्ता डोळ्यांपुढे येतो. ही बेटं म्हणजे पाण्यात बुडालेल्या डोंगररांगांचे माथे आहेत. ब्राचवरचं विदोवा गोरा ७८० मीटर उंच आहे, एड्रियाटिकमधल्या सगळ्या बेटांवरचं ते सर्वांत उंच शिखर. बंदर समुद्रसपाटीला, त्यामुळे प्रत्येक दिवस चढाने सुरू होतो. दिवसाला ४०० ते ७०० मीटर चढ धरून चाला.

सिंहगडाचा घाट मध्ये एक-दोनदा थांबून सायकलवर चढता येत असेल, तर साध्या गिअरच्या सायकलवर हा आठवडा तुम्ही मजेत काढाल. सरावाला आपल्याकडे याच्याशी सगळ्यात मिळताजुळता रस्ता म्हणजे कोकणातला सागरी मार्ग. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या जंगलजेट्यांनी, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींनी, खाड्या ओलांडत, खाडी संपली की चढ, चढ संपला की खाडी, असं सलग तीन-चार दिवस चालवून बघा. एका दिवसात शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा रोज पस्तीस-चाळीस, तेही लागोपाठ, हा सराव जास्त उपयोगी पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोगिरावर बसताना काय वाटतं ते आधीच कळलेलं बरं.

ई-सायकल घ्यावी का?

साठीच्या पुढे असाल, गुडघे कुरकुरत असतील किंवा जोडीदार तुमच्यापेक्षा वेगात जाणारा असेल, तर मुळीच मागेपुढे न बघता घ्या. डाल्मेशियात आज निम्मे लोक ई-सायकलवर दिसतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण बोटीवर त्या मोजक्या असतात. ई-सायकल बरीच जड असते. उतारावर तिचा वेग आणि ब्रेक यांचा अंदाज यायला एक दिवस जातो, म्हणून पहिल्या दिवशी उतार सावकाश घ्या.

नवरा सायकल चालवतो, मला फारशी येत नाही. मी जाऊ का?

जरूर जा. या सहलीची खुबीच ती आहे. ज्याला चालवायची नाही तो बोटीवर थांबतो आणि बोटीनेच पुढच्या गावी पोहोचतो. सकाळी रिकाम्या डेकवर पुस्तक, नंतर गावात फेरफटका. कित्येक जोडपी एक दिवसाआड असं करतात. लहान मुलांचं मात्र बोट कंपनीला विचारा. बऱ्याच ठिकाणी वयाची अट असते.

कोणत्या महिन्यात जावं? आणि वाऱ्यांची एवढी चर्चा का असते?

सप्टेंबर. दुसरी पसंती मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा तीस अंशांच्या वर जातो, पांढऱ्या चुनखडीवरून ऊन उलटं तोंडावर येतं, आणि ह्वार बेटाच्या बंदरात बोटींना जागा मिळत नाही. सप्टेंबरमध्ये पाणी २३ अंशांच्या आसपास असतं, द्राक्षांची तोडणी चाललेली असते, रस्ते मोकळे होतात. मेमध्ये डोंगर फुलांनी भरलेले, पण पाणी १८-१९ अंश. आपल्याला ते गारच लागतं. ह्वारवरचा लॅव्हेंडर बघायचा असेल तर जूनचा शेवट ते जुलैची सुरुवात एवढाच काळ.

आता वारे. या किनाऱ्यावरच्या माणसाशी तुम्ही पाच मिनिटं बोललात की वाऱ्याचा विषय निघतो. तीन नावं लक्षात ठेवा.

माएस्त्राल हा वायव्येचा, उन्हाळ्यातला चांगला वारा. शाळेत भूगोलात शिकलो ते खारे वारे. सकाळ उलटल्यावर उठतो, दुपारी भरात येतो, सूर्य मावळताना पडतो. तो वाहतोय म्हणजे हवामान ठीक आहे.

युगो आग्नेयेचा, दमट, जड. एकदम येत नाही. दोन-तीन दिवस हळूहळू वाढत जातो, ढग आणतो आणि लांबलचक लाटा उठवतो. बोट लागायची ती याच वाऱ्यात.

बुरा ईशान्येचा. किनाऱ्यामागे उभ्या असलेल्या डोंगरांवरची थंड हवा उतारावरून समुद्राकडे कोसळते, तो हा वारा. आकाश निरभ्र असतं आणि झोत अचानक येतात. हिवाळ्यात वेलेबित डोंगराखाली ताशी २०० किलोमीटरपेक्षा जोरदार झोत नोंदले गेले आहेत. उन्हाळ्यात तो तेवढा उग्र नसतो, तरी सायकलस्वाराला आडवं करायला पुरेसा असतो. बुरा आहे असं गाइडने सांगितलं तर त्या दिवशी उघड्या कड्यावरचा रस्ता रद्द होतो, आणि तो व्हायलाच हवा.

म्हणून छापील कार्यक्रम हा अंदाज समजा. कप्तान बेटांचा क्रम बदलतो, एखादं बेट गाळतो. पैसे भरलेत म्हणून त्याच्याशी हुज्जत घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. ते आपला आणि इतरांचाही दिवस खराब करतात. कप्तानाचं ऐका.

मला बोट लागते. काय करू?

दोन बेटांमधला प्रवास सहसा तास-दोन तासांचा असतो, आणि बोट रात्री धक्क्याला बांधलेली असते, त्यामुळे रात्रभर हेलकावे खाण्याचा प्रश्न नाही. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. केबिनमध्ये जाऊन पडू नका. उघड्यावर, बोटीच्या मध्याजवळ बसा आणि क्षितिजाकडे बघा. फोन खिशात ठेवा.

बेटं बरीच आहेत. कोणती चुकवू नयेत?

फेरीत बेटं कोणती असतील ते कंपनी ठरवते, पण निवड करताना पुढचं लक्षात घ्या.

ब्राच हे दगडाचं बेट. स्प्लिटमधल्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याला, जो इ.स. ३०५ च्या सुमारास पूर्ण झाला, इथलाच पांढरा चुनखडी दगड वापरला आहे. पुचिश्चा गावात आजही पाथरवटांची शाळा चालते, मुलं हातोडी-छिन्नीने काम शिकतात. बोल गावाजवळचा झ्लात्नी रात हा पुळणीचा सुळका समुद्रात घुसलेला आहे. वारा आणि प्रवाह बदलले की त्याचं टोक वळतं.

ह्वारवर लोक ह्वार शहरासाठी जातात. सायकलवाल्याने स्तारी ग्रादसाठी जावं. इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरच्या ग्रीकांनी इथे वसाहत केली आणि मागच्या मैदानाची आखणी करून शेतं वाटली. लांबट चौकोनी, साधारण १८० मीटर बाय ९०० मीटरचे तुकडे. त्या आखणीच्या बांधांमध्ये आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात; २००८ पासून हे मैदान जागतिक वारसा आहे. मैदान सपाट, पायवाटा मातीच्या, गाड्या नाहीत. दुपारची घाई टाळून इथे सावकाश फिरा. बांधाजवळ सायकल टेकवून जरा खाली बसून बघा: दोन्ही बाजूंना मोठे दगड रचलेले, पोटात बारीक चिपा भरलेल्या, चुना नाही की माती नाही. शेतातून वेचलेले दगड टाकायचे कुठे, तर त्यांचेच बांध घातले. काही बांध माणसाच्या उंचीएवढे रुंद आहेत. अशा कोरड्या दगडी रचनेच्या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि तेव्हा त्यात क्रोएशियाबरोबर आणखी सात देश होते.

स्तारी ग्रादहून ह्वार शहराकडे जाणारा जुना रस्ता ब्रुस्ये गावावरून जातो. नवा रस्ता बोगद्यातून झाल्यापासून मोटारी तिकडे वळल्या आणि जुना रस्ता सायकलींना मोकळा मिळाला. वीसेक किलोमीटर, आधी चढ, मग उतार, दोन्ही हातांना दगडांच्या राशी आणि लॅव्हेंडरच्या ओळी. या सगळ्या किनाऱ्यावरचा एकच रस्ता निवडा म्हटलं तर मी हा निवडीन.

विस सर्वांत लांबचं. युगोस्लाव्ह लष्कराचा तळ असल्यामुळे १९८९ पर्यंत परदेशी लोकांना इथे बंदी होती, म्हणून मोठी हॉटेलं उभी राहिली नाहीत. बेटाच्या मधोमध द्राक्षमळे आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिथे दोस्तराष्ट्रांची धावपट्टी होती. आणि क्रिकेटप्रेमींसाठी: इंग्रज आरमाराचा कप्तान विल्यम होस्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे खलाशांना क्रिकेट खेळायला लावलं होतं. त्याच्या नावाचा क्लब आज बेटावर आहे, आणि मळ्यांच्या मधोमध मैदानही. शेजारच्या बिशेवो बेटावरची निळी गुहा सकाळी अकरा ते बाराच्या सुमारास उजळते. पण युगो असेल तर तिथे होड्या जात नाहीत.

कोर्चुलाला मार्को पोलोचं जन्मस्थान म्हणून एक घर दाखवतात. पुरावा पक्का नाही, व्हेनिसचाही दावा आहे. तरी ठाणेकरांनी तिथे थोडं थांबावं, कारण त्याच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याची, तिथल्या कातड्याच्या व्यापाराची आणि समुद्री चाच्यांची हकीकत आहे. कोर्चुला शहरापासून वेला लुकापर्यंत बेटाच्या लांबीने जाणारा ४५ किलोमीटरचा रस्ता हा अनेक सहलींतला मोठा दिवस.

म्ल्येत हिरवंगार. पश्चिमेकडचा भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आत समुद्राला जोडलेले दोन खारे तलाव, मोठ्या तलावातल्या बेटावर बेनेडिक्टाइन मठ. तलावाकाठचा रस्ता सपाट आणि झाडांच्या सावलीतला, दमलेल्या पायांना आराम. पायाशी एखादं मुंगूस सर्रकन गेलं तर दचकू नका: १९१० मध्ये विषारी साप आटोक्यात आणायला आशियातून आणलेल्या लहान मुंगसांची ही प्रजा आहे. साप कमी झाले, पण नंतर मुंगसांनी पक्षी आणि त्यांची अंडीही सोडली नाहीत, त्यामुळे पर्यावरणाचे अभ्यासक हा प्रयोग फसल्याचंच उदाहरण देतात.

पेल्येशाट्स हे बेट नाही, द्वीपकल्प आहे, पण फेरीत असेल तर आनंद माना. पोटोम्ये गावच्या लोकांनी १९७० च्या दशकात डोंगरातून सुमारे ४०० मीटरचा बोगदा काढला, कारण तोवर पलीकडच्या दिंगाच उतारावरची द्राक्षं गाढवांच्या पाठीवरून डोंगर चढवून आणावी लागत. सायकलला दिवा लावून त्या बोगद्यातून बाहेर पडलात की थेट खाली समुद्र आणि उभ्या उतारावर द्राक्षवेली.

दुब्रोव्निक शहर सायकल-सहलीपासून वेगळं करा. तिथे सायकलचं काही काम नाही, तटबंदीवर चालायचं असतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

राहणार नाही, पण सांगावं मात्र नीट लागेल. ‘मांस नको’ एवढंच म्हटलं तर मासा येतो, कारण तिथे मासा मांसात धरत नाहीत. ‘बेझ मेसा, बेझ रिबे’, म्हणजे मांस नको, मासा नको, हे दोन्ही म्हणा. अंडं चालत नसेल तर ‘बेझ याया’ जोडा. बुकिंग करताना लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक्याला जाऊन स्वतः भेटा. बोटीवरचा स्वयंपाकी एकटा वीस-तीस जणांचं करतो. त्याला दोन दिवस आधी कळलं तर तो बंदरातल्या बाजारातून आणून ठेवतो.

खाण्यासारखं भरपूर आहे. ब्लित्वा ही पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घालून केलेली, रोज मिळाली तरी कंटाळा येत नाही. ओमिशच्या मागच्या पोल्यित्सा भागात सोपार्निक करतात: पातळ लाटलेल्या दोन पोळ्यांमध्ये तीच पालेभाजी आणि कांदा भरून, चुलीच्या तापलेल्या दगडावर निखाऱ्याखाली भाजतात आणि वरून लसूण-तेल लावतात. गरम गरम मिळाला तर नक्की घ्या. पाग बेटाचं मेंढीच्या दुधाचं चीज, अंजीर, टोमॅटो, भाजलेली वांगी-मिरच्या, मक्याच्या पिठाचा पोलेंटा आहेच. फसण्याच्या जागा दोन: विसची पोगाचा ही भाजी भरलेल्या पोळीसारखी दिसते, पण तिच्यात खारवलेले मासे असतात. आणि भाज्यांच्या सूपला बहुधा मांसाचा रस्सा असतो. काळा भात दिसला तर तो माकुळसारख्या माशाच्या शाईने काळा झालेला असतो.

जैन पद्धतीचं जेवण अशा बोटीवर जमणं कठीण. तुमचाच दहा-बारा जणांचा गट असेल आणि पूर्ण बोट घेतली तरच बोलणी करा.

घरून नेण्याचं: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, पनीर नको. शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, मेतकूट, चिवडा, भाजके दाणे चालतात. चढावर खिशात गूळ-दाणे असावेत, त्यासारखं दुसरं काही नाही.

मांसाहारी मंडळींना वेगळं सांगायला नको. पेका, म्हणजे लोखंडी झाकणावर निखारे रचून तास-दीड तास शिजवलेला ऑक्टोपस किंवा कोकराचं मटण, आदल्या दिवशी सांगावं लागतं. पेल्येशाट्सवरच्या माली स्तोनला कालवं खा.

केबिन कशी असते? रात्री झोप लागते का?

केबिन लहान. दोन माणसं एकाच वेळी उभं राहून कपडे बदलू शकत नाहीत. म्हणून मऊ बॅग आणा, कडक सूटकेस ठेवायला जागा नसते. एसी जनरेटरवर चालतो तेव्हा रात्रभर असेलच असं नाही. नळाचं पाणी टाकीतलं, जपून वापरायचं आणि प्यायचं नाही. गावातलं नळाचं पाणी मात्र पिण्याजोगं असतं, बाटल्या तिथे भरून घ्या. शौचालयात कागद टाकू नका. बोटीची मोरी तुंबली की सगळ्यांचीच पंचाईत होते.

एड्रियाटिकच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक वीत-दीड वीतच असतो. मुंबईच्या समुद्राची सवय असलेल्याला याचं नवल वाटतं: सकाळी फळी जिथे टेकवली तिथेच रात्री. पण धक्का छोटा आणि बोटी जास्त, म्हणून तीन-चार बोटी शेजारी शेजारी बांधतात. तुमची शेवटची असेल तर गावात जायला इतरांच्या डेकवरून चालत जायचं. बूट हातात घ्या, ‘दोबार दान’ म्हणा आणि पुढे व्हा. बोटीवर कुणीच बूट घालत नाही, फळीजवळच्या टोपलीत ते काढून ठेवतात. झोप हलकी असेल तर कानात घालायचे बोळे आणा.

पोहता येत नाही. अडेल का?

अडत नाही. बोट खोल पाण्यात थांबते, तिथे जीवरक्षक जाकीट घालून शिडी धरूनही डुंबता येतं. संकोच करू नका, खलाशांना सांगा, ते लक्ष ठेवतात. जमलं तर जाण्याआधी पोहायला शिकाच. हा चुनखडीचा प्रदेश आहे, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, गाळ आणणाऱ्या नद्या थोड्या, त्यामुळे समुद्र कमालीचा नितळ आहे आणि दहा-बारा मीटर खालचा तळ दिसतो. खडकाळ किनाऱ्यावर पाण्यातले रबरी बूट हवेतच. समुद्री साळिंदराचे काटे तळव्यात मोडले तर सायकलचे दोन दिवस गेले.

व्हिसाचं काय?

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलनही युरो झालं. म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला तर स्वीकारत नाहीत. जून २०२४ पासून मोठ्या माणसाचं शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्या विम्यात सायकलिंग धरलेलं आहे ना, ते वाचून घ्या. जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. इटली जोडत असाल तर रात्री मोजा.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. जोडून मोस्तार किंवा कोटोर बघायचं असेल, तर बोस्निया आणि माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाहीत. बाहेर पडून परत यायचं तर अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. पूर्वी स्प्लिटहून दुब्रोव्निकला मोटारीने जातानाही बोस्नियाची नेउमची पट्टी ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाला आणि ती अडचण मिटली.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शेंगेनमधल्या ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथे वेळ जातो, तेव्हा पुढच्या विमानाला भरपूर अंतर ठेवा.

रस्ते कसे आहेत?

बेटांवरचे रस्ते अरुंद, पण डांबर गुळगुळीत आणि वाहनचालक संयमी. वाहतूक उजवीकडून, सकाळी झोपेत निघताना आणि वळणावर हमखास आपली सवय डावीकडे ओढते, म्हणून पहिले दोन दिवस गाइडच्या मागेच राहा. एकामागे एक चालवा, शेजारी शेजारी नको. सोळा वर्षांखालच्यांना हेल्मेटची सक्ती आहे. मोठ्यांनी सक्ती नसतानाही घालावं. मुख्य भूमीवरचा किनारी महामार्ग टाळा, त्यावर गर्दी फार असते. दुपारच्या जेवणात वाइन घेतली तर त्यानंतर सायकल नको, कायद्यानेही त्यावर मर्यादा आहे. मदतीसाठी क्रमांक ११२.

सोबत काय घ्यावं?

आपल्या बुडाला सवयीचं खोगीर किंवा जेल कव्हर, पॅडची चड्डी दोन-तीन, हातमोजे, चष्मा, पातळ पावसाळी जाकीट, दिवा. पॅडल क्लीटचे वापरत असाल तर तेही. संध्याकाळसाठी साधे कपडे पुरतात. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका. स्प्लिट आणि ह्वारला त्याला दंड आहे. सायकल घरून नेण्याची गरज नाही.

खर्च किती येतो?

विमान आणि व्हिसा सोडून, हंगाम आणि बोटीच्या दर्जाप्रमाणे माणशी साधारण १,००० ते २,००० युरो. यात केबिन, नाश्ता आणि एक जेवण, गाइड येतं. सायकलचं भाडं कुठे धरलेलं असतं, कुठे वेगळं. पर्यटन कर आणि बंदराचं शुल्क बरेचदा बोटीवर रोख घेतात. पेयं बोटीवरच घ्यायची, बाहेरून आणलेली चालत नाहीत. शेवटी खलाशांना आणि गाइडला बक्षिसी देतात. तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवा. एकट्याने जाणाऱ्याला पूर्ण केबिनसाठी जादा पैसे पडतात.

कंपनीशिवाय, स्वतःच केलं तर?

छान होतं आणि स्वस्तही. गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटींवर सायकल नेता येते. वेगवान कॅटामरानवर सहसा घेत नाहीत, तेव्हा मार्ग आखताना दोन्हींत गफलत करू नका. स्प्लिटहून ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला या चारही बेटांना मोठ्या फेऱ्या आहेत. पण एका बेटाहून थेट दुसऱ्यावर जाणाऱ्या थोड्या, त्यामुळे बरेचदा स्प्लिटला परत यावं लागतं. मुक्काम लहान गावात घरगुती खोल्यांत करा. दारावर ‘सोबे’ अशी पाटी असते.

शेवटच्या दिवशीचं विमान कितीचं घ्यावं?

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास केबिन सोडावी लागते, कारण त्याच दुपारी पुढचा गट येतो. मुंबईहून क्रोएशियाला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावंच लागतं. दुपारनंतरचं विमान घ्या, आणि त्याहून बरं म्हणजे एक रात्र स्प्लिटमध्ये थांबा. बॅग स्टेशनजवळच्या सामानघरात ठेवून राजवाड्याच्या तळघरांतून फिरा. तोच ब्राचचा दगड, आणि आता तो कुठून आला ते तुम्हाला ठाऊक असतं.